‘स्वे’ची सात वाक्यं: बडोद्याच्या एका पुस्तिकेच्या अनुवादाचं प्रकरण

गेल्या श्रावणात माझी भाची दांडिया बाजारातल्या आमच्या घरी २८ पानांची एक इंग्रजी पुस्तिका आणि तिचा मराठी कच्चा खर्डा घेऊन आली. जुन्या बडोद्यातून पायी फिरणाऱ्या पाहुण्यांसाठी इतिहासाच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी ती लिहिली होती. मांडवी, सूरसागर, न्यायमंदिर, सयाजीबाग असा फेरीचा मार्ग, आणि प्रत्येक थांब्यावर इतिहासाचा एखादा तुकडा. मराठी आवृत्तीचं काम भाचीनं घेतलं होतं. तिची शाळा इंग्रजी माध्यमाची आणि बाहेरची बोली गुजराती. मराठी तिला घरातून, कानावाटे मिळालेली. पण कान उत्तम आहे, आणि खटकलं की थांबते. अनुवाद करणाऱ्या माणसात मी हाच गुण सगळ्यात मोठा मानते.

“आत्या, बाकीचं होईल गं. एक शब्द सात ठिकाणी आलाय आणि सातही ठिकाणी वेगळा वागतोय. मी बहुतेक ठिकाणी ‘प्रभाव’ घातलंय, पण वाचताना कसंसंच होतं.”

तो शब्द होता ‘स्वे’ (sway). लिहायला चार अक्षरी, उच्चाराला एकच अक्षर. इंग्रजी शिकणाऱ्या मुलांना तो दोन वेगवेगळ्या शब्दांसारखा पाठ करायला लावतात: एक म्हणजे डोलणं, दुसरा म्हणजे प्रभाव. दोन कप्पे, मध्ये भिंत. त्या भिंतीमुळेच भाचीचा खर्डा अडला होता, असं मला काम संपल्यावर ठामपणे वाटतं. हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे, कारण इंग्रजीतून मराठीत इतिहास आणणाऱ्या प्रत्येकाला हा शब्द कधी ना कधी भेटतो. तिथे चूक झाली तर भाषेबरोबर इतिहासही बिघडतो.

वाक्यं अशी होती. सयाजीबागेत ताडमाड वाऱ्यावर ‘स्वे’ करतात. सणाच्या मिरवणुकीत हत्ती ‘स्वे’ करत मांडवीतून जात. गायकवाडांनी दोन शतकांहून अधिक काळ गुजरातच्या मोठ्या भागावर ‘स्वे’ राखला. काठियावाडचे संस्थानिक त्यांच्या ‘स्वे’खाली होते. १८०२ नंतर ब्रिटिश रेसिडेंटचा, म्हणजे बडोद्यातल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या प्रतिनिधीचा, दरबारावरचा ‘स्वे’ वाढला. मल्हारराव गायकवाडांच्या चौकशीत त्यांच्या वकिलानं अर्ध्या आयोगाला ‘स्वे’ केलं. आणि शेवटी पाहुण्यांना सूचना: दुकानदारांच्या बोलण्यानं ‘स्वे’ होऊ नका.

संगणकाकडून काढलेल्या पहिल्या तर्जुम्यात पहिल्या दोन ठिकाणी ‘डोलणे’ आणि उरलेल्या पाच ठिकाणी ‘राज्य करणे’ किंवा ‘प्रभाव पाडणे’ आलं होतं. भाचीनं ‘राज्य’ खोडून त्या पाचही ठिकाणी ‘प्रभाव’ केलं. तिचं कारण चुकीचं नव्हतं. रेसिडेंटनं बडोद्यावर राज्य केलं असं छापून आलं असतं तर ते धडधडीत खोटं ठरलं असतं. पण ‘गायकवाडांनी गुजरातच्या मोठ्या भागावर प्रभाव पाडला’ हे वाचून कुणाच्या डोळ्यांपुढे काय उभं राहील? एखादा कीर्तनकार प्रभाव पाडतो. महसूल गोळा करणारं, ठाणी बसवणारं राज्य प्रभाव पाडत नाही.

मी तिला म्हटलं, “आधी ही हालचाल नक्की कशी असते ते बघू. सत्तेचं मग बघू.”

आमच्या घरात, बडोद्यातल्या बऱ्याच घरांत असतो तसा, ओसरीवर लाकडी झोपाळा आहे. इथले गुजराती शेजारी त्याला हिंचको म्हणतात, आमच्याकडे हिंचकाही चालतं. त्यावर बसून मी तिला विचारलं, इंग्रजीत ह्याच्या हालचालीला काय म्हणशील? ‘स्विंग’, ती लगेच म्हणाली. ‘स्वे’ का नाही? ह्यावर ती विचारात पडली. मग तिनेच उत्तर शोधलं. झोपाळा वरून टांगलेला असतो. त्याचा धरलेला बिंदू वर, कड्यांपाशी, आणि खालचं टोक मोकळं. झाडाचं उलट आहे. त्याचं मूळ खाली जमिनीत आणि वरचं टोक मोकळं. ‘स्वे’ बहुतेक वेळा ह्या दुसऱ्या प्रकारची हालचाल असते. तळाशी काहीतरी घट्ट आहे, वर ते संथपणे एका बाजूला झुकतं, परत येतं, दुसऱ्या बाजूला जातं. आडव्या दिशेनं होते, सहसा सावकाश होते, आणि वस्तू आपली जागा सोडत नाही.

ही मूळ-खाली-शेंडा-वर अशी ओळख शब्दाच्या बऱ्याच उपयोगांत टिकते. डॉक्टर रुग्णाला पाय जुळवून, डोळे मिटून उभं राहायला सांगतात आणि शरीर किती झुलतं ते पाहतात. त्या झुलण्याला वैद्यकात हाच शब्द आहे, आणि पाय तर जमिनीवरच असतात. उंच इमारत वाऱ्यानं किंवा भूकंपानं वरच्या मजल्यांवर आडवी हलते, त्यालाही हाच शब्द. जहाजबांधणीत मात्र तो जरा वेगळा बसतो. तिथे जहाजाच्या सहा हालचालींपैकी एकीला ‘स्वे’ म्हणतात आणि त्यात जहाज आडवं, कुशीच्या दिशेनं सरकतं. कलंडण्याला तिथे ‘रोल’ हा निराळा शब्द आहे. अहमदाबादच्या सिदी बशीर मशिदीच्या मिनारांना गुजरातीत ‘झूलता मिनारा’ म्हणतात, आपल्याकडे एरंडोल तालुक्यातल्या फरकांड्याच्या मनोऱ्यांनाही झुलते मनोरे म्हणतात. इंग्रजी फलकांवर अहमदाबादच्या मिनारांना ‘शेकिंग’ म्हणजे थरथरणारे आणि फरकांड्याच्या मनोऱ्यांना ‘स्विंगिंग’ म्हणतात. मुळाशी धरलेले आणि वर हलणारे मनोरे म्हणजे खरं तर ‘स्वे’चं नेमकं उदाहरण.

आता दुसरा कप्पा. हा शब्द इंग्रजीत मध्ययुगापासून आहे. त्याची मुळं बहुधा जुन्या नॉर्स भाषेतल्या वाकवणं, झुकवणं अशा अर्थाच्या एका क्रियापदात आहेत. डच भाषेत त्याचा भाऊ शोभेल असा शब्द आजही हलवणं, हात हलवून निरोप देणं ह्यासाठी वापरतात. सत्तेचा अर्थ सोळाव्या शतकात रुळला. राजदंड हातात धरून फिरवणं ह्यालाही तेव्हा हाच शब्द वापरत. म्हणजे सत्तेचा अर्थ बाहेरून येऊन चिकटलेला नाही, तो हालचालीतूनच फुटला आहे. वारा झाडाला झुकवतो. झाड उपटलं जात नाही, आपल्या जागी उभं राहतं, पण त्याचा शेंडा कुणाच्या दिशेनं वळेल हे वारा ठरवतो. एक माणूस दुसऱ्या माणसाला किंवा एखाद्या दरबाराला तसं झुकवतो, तेव्हा तो ‘स्वे’.

लंडनच्या मिलेनियम पुलाची गोष्ट मला ह्या शब्दासाठी नेहमी आठवते. १० जून २००० ला पायी जाणाऱ्यांचा तो पूल उघडला आणि गर्दी चढताच आडवा हलू लागला. दोन दिवसांत बंद करावा लागला, धक्के शोषणारी यंत्रणा बसवून २००२ मध्ये पुन्हा सुरू झाला. कारण असं निघालं की पूल किंचित आडवा हलला की चालणारे तोल सांभाळायला नकळत त्याच्या लयीत पाय टाकत, आणि त्यामुळे तो आणखी हलत असे. माणसांनी पुलाला झुकवलं की पुलानं माणसांना? ‘स्वे’चे दोन्ही अर्थ त्या पुलावर एकत्र नांदत होते.

हे सगळं झाल्यावर भाचीनं विचारलेला प्रश्न ह्या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा होता. “म्हणजे मराठीत असा एकच शब्द हवा ना, ज्यात झुकणं पण आहे आणि सत्ता पण?”

एक शब्द नाही. पण मराठीत हा विचार मुळीच परका नाही, उलट जागोजागी आहे. पुंगीवर नाग डोलतो. त्यात डोलणंही आहे आणि कुणाच्यातरी ताब्यात असणंही. मान डोलावली म्हणजे होकार दिला. निवडणुकीत मतांचा कल एका बाजूला झुकतो, पारडं जड होतं, माणसाचं मन वळवलं जातं. कलणं, झुकणं, वळणं ह्या तिन्ही हालचाली आपण मनासाठी रोज वापरतो. शिडाच्या होडीवरच्या उंच खांबाला आपण डोलकाठी म्हणतो, आणि बोट वळली की तीच आधी झुकताना दिसते. आणि सत्तेसाठी आपल्याकडे ‘अंमल’ आहे, अरबीतून आलेला. राज्याचा अंमल म्हणतो, भांगेचा अंमल चढला असंही म्हणतो. एकच शब्द कारभारालाही आणि डोकं फिरवणाऱ्या नशेलाही लागतो. इंग्रजीला ‘स्वे’त जे सापडलं तेच मराठीला ‘अंमल’मध्ये दुसऱ्या वाटेनं सापडलं, हे लक्षात आल्यावर भाचीचा चेहरा उजळला. मलाही त्या दिवसाआधी ते असं स्पष्ट दिसलं नव्हतं.

एका इंग्रजी शब्दाला एकच मराठी शब्द बांधून ठेवायचा हट्ट सोडल्यावर सात वाक्यं एकेक करून सुटू लागली. बडोद्यात बसून हे काम करताना एक आठवण साहजिक येते. १९३१ साली ह्याच संस्थानानं श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू प्रसिद्ध केला होता, त्यात कारभारातल्या इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली प्रतिशब्द शेजारी शेजारी मांडले होते. एका शब्दासमोर अनेक शब्द ठेवून त्यातला प्रसंगाला साजेसा उचलायचा, ही रीत इथे जुनी आहे.

झाडांचं वाक्य क्षणात झालं: ताडमाड वाऱ्यावर डोलतात. हत्तींसाठी तिनं ‘झुलत’ लिहिलं होतं. ते योग्यच, पण त्याच वाक्यात हत्तींच्या पाठीवरच्या भरजरी झुलींचा उल्लेख होता आणि ‘झुली’ व ‘झुलत’ शेजारी आले की वाचणारा अडखळतो. तिथे ‘डुलत डुलत’ केलं. पाहुण्यांच्या सूचनेत ‘भुलू नका’. ह्याच्या शेजारचा एक शब्द मी तिला मुद्दाम सांगितला, कारण तो नाहीसा होत चालला आहे: बधणं. इंग्रजीत हे क्रियापद नकारार्थी कर्मणीत फार येतं, अमका कशानंही ‘स्वे’ झाला नाही. त्याला मराठीत ‘तो कशालाच बधला नाही’ इतकं चपखल दुसरं काही नाही. पण पाहुण्यांना प्रेमळ सूचना द्यायची तर ‘भुलू नका’च बरं.

उरली चार वाक्यं, आणि खरं काम तिथेच होतं.

गायकवाडांच्या वाक्यात व्याकरणाची एक खूण होती. ‘हेल्ड स्वे’ असं येतं तेव्हा इंग्रजीत ‘स्वे’च्या आधी ‘अ’ किंवा ‘द’ लागत नाही. तो मोजण्याचा पदार्थ उरत नाही, एक अखंड स्थिती बनतो. मराठीत ‘अंमल होता’ म्हणताना आपणही ‘एक अंमल’ म्हणत नाही. शब्द बसला. पण ‘गुजरातच्या मोठ्या भागावर’ हे पुढचे शब्द आम्हाला थांबवणारे होते. पिलाजीराव गायकवाडांपासून म्हणजे १७२१ पासून मोजलं, तर बडोदे कायमचं हाती आलं १७३४ मध्ये, आणि संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं १ मे १९४९ ला. दोन शतकांहून अधिक हे बरोबर. प्रांत मात्र बडोदे, कडी, नवसारी आणि अमरेली असे विखुरलेले, मध्ये इतरांचे मुलूख. ह्या चार प्रांतांवर अंमल होता, कारभार होता, कज्जेखटले ऐकले जात. काठियावाडात तसं नव्हतं. तिथले राजे आपापल्या गाद्यांवर होते. गायकवाडांची फौज दरवर्षी मुलूखगिरीला निघे आणि खंडणी वसूल करून परते. बडोद्याचा रेसिडेंट कर्नल अलेक्झांडर वॉकर ह्यानं १८०७ मध्ये खंडणीचे आकडे ठरवून दिले. पुढे १८२० मध्ये तर गायकवाडांनी कंपनीच्या संमतीशिवाय काठियावाडात फौज न पाठवण्याचं मान्य केलं आणि वसुली कंपनीकडे गेली.

इंग्रजी लेखकाला हे दोन्ही एकाच सैल शब्दात मावत होतं, आणि ती त्या शब्दाची ताकदच आहे. ‘स्वे’ म्हणताना इंग्रजी माणसाला राज्य होतं की नुसता दबाव, हे सांगावं लागत नाही. मराठीत ते सांगावंच लागतं. अंमल म्हटलं की ठाणं, तहसील, कारकून आले. म्हणून आम्ही दोन वाक्यांत दोन शब्द ठेवायचं ठरवलं: चार प्रांतांसाठी ‘अंमल’, काठियावाडासाठी ‘दबदबा’. भाचीला भीती होती की मूळ लेखकाच्या शब्दात ढवळाढवळ होईल. मी तिला म्हटलं, लेखकाला जे ठाऊक आहे तेच आपण लिहितो आहोत, त्यानं ते एका शब्दात झाकलं होतं इतकंच.

रेसिडेंटचं वाक्य सोपं वाटत होतं आणि सगळ्यात अवघड निघालं. ‘प्रभाव वाढला’, ‘वर्चस्व वाढलं’, ‘पगडा बसला’ हे तिन्ही आम्ही लिहून पाहिले. ‘वर्चस्व’ वरून दाबणारं वाटतं, एकदा बसलं की हलत नाही. ‘पगडा’ मनावर बसतो, विचारांवर बसतो, खजिन्यावर बसत नाही. आणि रेसिडेंटचं बळ खजिन्यातून आलं होतं. त्या वेळी दरबाराकडे अरब शिपायांचे पगार थकलेले होते, सावकारांची कर्जं होती, आणि देणं फिटेल ह्याची हमी, जिला बहांदरी म्हणत, ती आधी अरब जमादार देत असत. १८०२ मध्ये कंपनीची फौज आली, अरबांना बाजूला सारलं गेलं आणि त्यांच्या जागी हमीदार म्हणून कंपनी उभी राहिली. कर्जाला जामीन राहणाऱ्याचा शब्द घरात चालतो, हे कुठल्याही एकत्र कुटुंबात वाढलेल्याला सांगावं लागत नाही. मग कुणाला किती द्यायचं, कुठला खर्च कापायचा, पुढे दिवाण कुणी व्हायचं, इथपर्यंत तो शब्द पोचला. गादीवर गायकवाडच होते, फर्मानं त्यांच्याच नावानं निघत होती. झाड जागेवर होतं, शेंडा वळला होता.

इथे भाचीला एक वाक्प्रचार आठवला, तिच्या आजीच्या तोंडचा: ‘सुनेच्या तंत्रानं चालणं’. माझ्या मते त्या दिवसातला तो सगळ्यात सुंदर शोध होता. आम्ही वाक्य लिहिलं: ‘१८०२ नंतर दरबार हळूहळू रेसिडेंटच्या तंत्रानं चालू लागला.’ ‘स्वे वाढला’मधली वाढ ‘हळूहळू’नं आणि ‘लागला’नं पेलली. नामाला नाम शोधत बसलो असतो तर हे वाक्य हाती आलंच नसतं. मराठीत सत्ता बऱ्याचदा क्रियापदात राहते.

आणि मग सहावं वाक्य, ज्यानं प्रकरणाची दिशाच बदलली.

नोव्हेंबर १८७४ मध्ये बडोद्याचे रेसिडेंट कर्नल रॉबर्ट फेअर ह्यांच्या पपनसाच्या सरबतात विष सापडलं आणि संशय महाराज मल्हाररावांवर गेला. १८७५ च्या सुरुवातीला सहा जणांचा आयोग बसला. तीन इंग्रज, आणि तीन हिंदी: ग्वाल्हेरचे शिंदे महाराज, जयपूरचे महाराज, आणि ग्वाल्हेरचे माजी दिवाण सर दिनकरराव. महाराजांच्या बाजूनं लंडनहून सार्जंट बॅलंटाइन हे नामांकित वकील आले. निकालात आयोग दुभंगला. तिघा इंग्रजांनी आरोप मानला, तिघा हिंदी सदस्यांच्या मते तो सिद्ध झाला नव्हता. तरीही एप्रिल १८७५ मध्ये सरकारनं मल्हाररावांना पदच्युत केलं, कारण दिलं गैरकारभाराचं. मेमध्ये महाराणी जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळराव दत्तक घेतला. तेच पुढे सयाजीराव महाराज.

पुस्तिकेत एवढंच होतं की वकिलाच्या वक्तृत्वानं अर्धा आयोग ‘स्वे’ झाला. भाचीनं लिहिलं होतं, ‘अर्ध्या आयोगावर प्रभाव पाडला’. मी ते ‘अर्ध्या आयोगाचं मन वळवलं’ असं केलं आणि लिहिता लिहिताच थांबले. इंग्रजी क्रियापद इथे काय सांगतं? ‘इन्फ्लुएन्स’ झाला म्हटलं तर निकाल बदलला असं ठरत नाही, छाप पडली इतकंच. ‘स्वे’ झाला म्हटलं की मन आधी एका बाजूला होतं आणि ते दुसऱ्या बाजूला गेलं. वळवायला आधी एक दिशा लागते. शिंदे महाराज, जयपूरचे महाराज आणि दिनकरराव आधी आरोप खरा मानत होते आणि बॅलंटाइनच्या भाषणानं त्यांचं मन फिरलं, असं लेखकाला म्हणायचं होतं का? तसं असेल तर त्याला आधार हवा. नसेल तर तिघा जाणत्या माणसांचा स्वतःचा निर्णय आपण एका परक्या वकिलाच्या वक्तृत्वाच्या खात्यात टाकत होतो.

‘प्रभाव पाडला’ ह्या गुळगुळीत शब्दाखाली हा प्रश्न दडून गेला असता. नेमका मराठी शब्द शोधला म्हणून तो वर आला. म्हणूनच मला अनुवादकाचं काम वाचकाच्या कामापेक्षा कडक वाटतं.

भाचीनं प्राध्यापकांना फोन लावला. “सर, ह्या तिघांचं आधीचं मत काही वेगळं होतं का? मराठीत ‘मन वळवलं’ लिहिलं तर तसा अर्थ होतो.” पलीकडून थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग ते म्हणाले की आधीचं मत त्यांना ठाऊक नाही आणि तसं म्हणायचंही नव्हतं. सहजपणे चांगला वाटला म्हणून तो शब्द पडला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मूळ इंग्रजी वाक्यच बदलून पाठवलं: बॅलंटाइननं महाराजांची बाजू मांडली, आणि आयोग तीन विरुद्ध तीन असा दुभंगला. आमचं मराठी वाक्य त्यावरून सरळ उतरलं. सातांपैकी एक ‘स्वे’ दोन्ही भाषांतून गेला, आणि तो जायलाच हवा होता.

खर्डा पुरा झाल्यावर मी तो माझ्या मावशीला वाचून दाखवला. ती ८४ वर्षांची आहे, जन्म बडोद्याचा, शिक्षण इथल्याच मराठी शाळेत. डोळे अधू झाले आहेत, कान नाही. असं मोठ्यानं वाचून दाखवणं मी कधी टाळत नाही, छापील पानावर जे लपतं ते आवाजात उघडं पडतं. ताडमाड, हत्ती, अंमल, सगळ्यांवर तिनं मान हलवली. रेसिडेंटच्या तंत्रानं चालण्यावर ती हसली आणि म्हणाली, “बरोबर, जामीन राहिला ना तो.” काठियावाडाच्या वाक्यावर मात्र तिनं हात वर केला.

“दबदबा कुणाचा?”

“गायकवाडांचा, मावशी. फौज जायची, खंडणी घ्यायची, परत यायची.”

“दबदबा म्हणजे माणूस नसतानाही वाटतो तो. नुसत्या नावानं. फौज दारात आल्यावर वाटतो, तो धाक. मग फौज माघारी गेली की हे काय करायचे?”

भाचीनं सांगितलं की पुष्कळदा वर्ष संपेपर्यंत थकबाकी तशीच राहायची, म्हणून तर फौज पुन्हा पाठवावी लागे.

“म्हणजे पुन्हा ताठ,” मावशी म्हणाली. “धाकच लिही.”

भाचीनं पेन्सिलनं ‘दबदबा’ खोडलं. छापून आलेल्या पुस्तिकेत एकोणिसाव्या पानावर आता असं आहे: ‘काठियावाडच्या संस्थानिकांना गायकवाडी फौजेचा धाक होता.’